तांबेऱ्याचं विरजण

सायीच्या रंगाच्या शालीवरून प्रणोतीने हात फिरवला तो केवळ पोत बघायला. हात उचलला तर शालीवर बोटभर रुंदीचा एक पट्टा उमटलेला, नारिंगीकडे झुकणारा तपकिरी. अधारतालच्या मेन रोडवरचं ते दुकान तिचं नेहमीचं, दुकानवाली मनीषा तोंडाने फटकळ पण मनाने बरी. ती काउंटरवर वाकली, पट्टा बघितला आणि खुदकन हसली. "अरे दीदी, हल्दी लगा दी आपने! किसकी शादी में हो आईं? कहीं अपनी तो नहीं कर ली चुपके से?" दुकानातल्या दोघीतिघी हसल्या. प्रणोतीही हसली, कारण त्रेचाळीसाव्या वर्षी अशा थट्टेला न हसणं म्हणजे लोकांना आणखी विषय देणं. एरवी तिने मनीषाला तोडीस तोड उत्तर दिलं असतं. आज तिचं लक्षच नव्हतं. तिने उजव्या हाताची बाही उलटी करून बघितली. मनगटापाशी, शिवणीच्या आतल्या कडेला, तोच रंग बसला होता. तो रंग तिला झोपेतून उठवून दाखवला असता तरी ओळखू आला असता. वीस वर्षं ती त्याच रंगाची नोकरी करत होती. "यही दे दो," ती म्हणाली. "दाग वाली? दूसरी देती हूँ न, घर की बात है," मनीषा ओशाळून म्हणाली. "नहीं, यही," प्रणोती म्हणाली आणि शाल स्वतःच घडी करू लागली, पट्टा आत राहील, कशाला घासणार नाही अशा बेताने.

शाल चिंतामणी सरांसाठी होती. शनिवारी त्यांचा निरोप समारंभ, त्याआधी गुरुवारी मीटिंग. त्या मीटिंगमध्ये त्यांच्या गव्हाच्या वाणाला मंजुरी मिळायची होती. वाणाला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता, चारशे सतरा. पण सर त्याला लाडाने 'सतरा' म्हणत, घरातल्या पोराला हाक मारावी तसं. सरांना मूलबाळ नव्हतं आणि ते तसं कधी बोलूनही दाखवत नसत, पण सतराच्या लोंब्यांवरून हात फिरवताना त्यांचा चेहरा बघितला की ज्याला समजायचं त्याला समजे. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन गव्हांचा संकर केला, पिढ्यामागून पिढ्या निवडत आणल्या, आणि गेली काही वर्षं हा वाण तांबेऱ्याच्या, गव्हाच्या पानांवर चढणाऱ्या त्या तांबूस बुरशीच्या, प्रत्येक परीक्षेत कोरा राहिला होता. पानावर एक ठिपका नाही. प्रणोती त्यांची विद्यार्थिनी, मग सहकारी, आणि परीक्षा घेणारी तीच. आता शालीच्या पिशवीसकट स्कूटीवर बसून ती किल्ली न फिरवता तशीच थांबली होती आणि मागचा हॉर्न वाजवत होता. "मॅडम, चलना है कि नहीं?" तिने किल्ली फिरवली आणि निघाली. बाही वाऱ्यावर फडफडू नये म्हणून तिने ती मुठीत धरली, आणि मग स्वतःचंच तिला हसू आलं, की एखादी वस्तू चोरून नेत असल्यासारखी आपण ही धूळ घरी नेतो आहोत.

तिच्या कामाबद्दल एकदा एका मावशीने विचारलं होतं, "म्हणजे तू गव्हाला ताप आणतेस?" तसंच होतं ते. शेकडो जातींचे गहू ओळींत पेरायचे, त्यांच्या भोवतीने तांबेऱ्याला चटकन बळी पडणारा एक जुना गहू लावायचा, आणि थंडीच्या संध्याकाळी त्यावर तांबेऱ्याची भुकटी पाण्यात कालवून फवारायची. मग वाट बघायची, कोण पडतं आणि कोण उभं राहतं. या आजारी शेताचे नियम सोवळ्यासारखे होते, फक्त उलटे. आधी निरोगी शेतं हिंडायची, आजारी शेतात सगळ्यात शेवटी जायचं. तिथला खाकी कोट तिथल्याच खिळ्यावर राहणार, घरी येणार नाही. सतराचं बियाणं वाढवायला लावलेलं शेत तर मुद्दाम दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कुंपणाच्या भिंतीपाशी ठेवलेलं होतं. प्रणोतीने हे नियम कधी मोडले नव्हते, आणि आज तर ती आजारी शेताकडे फिरकलीच नव्हती. सकाळी धुतलेला कुर्ता घातला, सतराच्या शेतात जाऊन भेसळीची झाडं उपटली, तिथून ऑफिस, ऑफिसमधून शाल घ्यायला. मग ही बाही रंगली कुठे?

रांझीच्या रस्त्याला फॅक्टरी सुटलेली होती. मोटरसायकली, सायकली, डबे लटकवलेले हँडल, सगळा लोंढा समोरून येत होता आणि ती त्यातून उलट्या दिशेने चालली होती. तिचं डोकं मात्र त्या बाहीतच अडकलेलं. हळद नाही, हळद अशी कोरडी बसत नाही. ऑफिसच्या फाटकाचा गंज? फाटकाला ती हात लावत नाही, चौकीदार उघडतो. विटांची धूळ? रिछाईकडून येणारे ट्रक विटा सांडत जातात खरे, पण विटेची धूळ बोटाला खरखरीत लागते, ही तर पावडरीसारखी मऊ. उरला तांबेराच. आजारी शेतातून वाऱ्याने उडत आला असेल, असं म्हणावं तर वाऱ्यावर येतो तो डोळ्यांना दिसत नाही, कापडाला पट्टा पडेल इतका तर मुळीच नाही. इतकी भुकटी एकाच ठिकाणाहून मिळते, पानावरच्या फुटलेल्या फोडातून. आणि सकाळपासून तिने हात घातला होता तो फक्त सतराच्या पानांत. भेसळ काढताना नजर असते लोंब्यांवर, कोण जास्त उंच, कोणाची कुसळं निराळी; खाली पानांत हात चाचपडत बुंधा शोधतो आणि उपटतो. म्हणजे तिच्या नजरेला जे दिसलं नाही ते तिच्या बाहीने आणलं होतं. या विचाराने तिने घाबरायला हवं होतं आणि ती घाबरलीही, पण त्या भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी चुळबुळत होतं. परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आला की हुशार मुलीला जे होतं तसलं. तिला ते आवडलं नाही.

घरी बाबा ओट्यापाशी चहा उकळत उभे होते. दिनकरराव फॅक्टरीतून रिटायर होऊन बारा-तेरा वर्षं झाली, पण चार वाजता चहाचं आधण ठेवायचं आणि मुलगी आल्याशिवाय गाळायचा नाही, मग तो कितीही काढ्यासारखा होवो, हा त्यांचा नियम. प्रणोती चहाकडे न बघता मोरीत गेली, बाहीच्या एका टोकाला साबणाचं बोट लावलं. हळद असती तर साबणाने लाल झाली असती. झाली नाही. तिने पर्समधलं भिंग काढलं आणि खिडकीच्या उजेडात बाही डोळ्याला लावली. बारीक बारीक कण, गोलसर, एकसारखे. मग नाक लावलं. ओल्या पोत्याचा असतो तसा पुसट वास. तांबेऱ्याला वास असतो हे तिचं पहिल्यापासूनचं मत, आणि नसतो हे सरांचं. "तुझं नाक आहे की प्रयोगशाळा?" असं ते दरवर्षी एकदा म्हणत आणि फेब्रुवारी सुरू झाला असं तिला वाटे.

"काहून गं प्रणू, कुर्ता हुंगून राहिली?" बाबा दारात कपबशी घेऊन उभे होते.

तिने सांगितलं. बाबांना सतरा ठाऊक होता, सरही ठाऊक होते. दिवाळीला सर फराळाला येत आणि दोघे वर्धा-नागपूरकडच्या गप्पा काढून बसत. बाबांची सारी नोकरी व्ह्यू रूममध्ये, फॅक्टरीतल्या माल तपासायच्या खोलीत, गेली होती. काडतुसांच्या पितळी नळ्या ट्रेमधून समोर यायच्या, त्या दिव्याखाली फिरवायच्या, नखाने चाचपायच्या, आणि केसाएवढी चीर दिसली की लाल रंगाचा ठिपका मारून बाजूला टाकायच्या. लहानपणी ती त्यांच्या नखांकडे बघत बसे. ते ताटातली भाकरीसुद्धा फिरवून बघत, आणि आई म्हणे, "खा आता, पास आहे ती." साऱ्या वसाहतीत त्यांचं नाव 'रिजेक्टवाले' पडलं होतं आणि प्रणोतीला त्याचा अभिमान वाटायचा. त्यामुळे बाबा आता काय म्हणतील हे तिला माहीतच होतं. उजेडात बघ, चीर असेल तर ठिपका मार.

बाबांनी चहाचा घोट घेतला. "गुरुवार जाऊ दे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे गुरुवारी पास होऊ दे त्यांचा गहू. शनिवारी शाल घाल. मग बघ काय बघायचं ते. आठ दिवसांनी काय बिघडतं?"

"बाबा, एकदा मंजुरी मिळाली की बी वाटायला जातं. हजारो एकरांत. मग हा तिथे पसरणार."

"अच्छा. अन् तू नाही सांगितलं तर दुसरं कोणी सांगणार नाही का कधी? तूच काहून?" ते खुर्चीवर बसले. "माझ्या सेंड ऑफला किती लोक होते, आठवतं तुला?"

तिला आठवलं. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, समोशांच्या प्लेटा रचलेल्या, आणि आई परत परत दाराकडे बघत होती. व्ह्यू रूमचे तिघं आले होते, एक साहेब पाच मिनिटं उभा राहून गेला होता. उरलेले समोसे आईने पिशवीत भरून आणले आणि दोन दिवस घरात तेच खाल्ले गेले. त्यावर बाबा तेव्हा एक शब्द बोलले नव्हते. तिने गृहीत धरलं होतं की त्यांना त्याचं काही नाही. इतकी वर्षं ते मनात तसंच पडून होतं, आणि आज मुलीच्या गुरूसाठी बाहेर आलं होतं, स्वतःसाठी नाही. प्रणोतीला बाबांची फार दया आली, आणि त्याच वेळी त्यांचा रागही आला, की आयुष्यभर जे एक शिकवलं ते आता असं चहाच्या कपात बुडवून टाकायचं. "चहा कडू झालाय," ती म्हणाली. "तू उशिरा आली," बाबा म्हणाले, आणि टीव्ही लावला.

मग संध्याकाळभर ती गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत राहिली, गरजेपेक्षा जास्तच. आली कुठून ही तांबेऱ्याची जात? तिच्या डोक्यात हाच एक किडा वळवळत होता. आजारी शेतात सतरावर तांबेरा चढत नव्हता, मग भिंतीपाशी कसा चढला? तिने मनातल्या मनात फ्रिज उघडला. प्रयोगशाळेतल्या त्या जुन्या फ्रिजमध्ये छोट्या बाटल्यांत तांबेऱ्याची भुकटी असे, तिला सर 'आपलं विरजण' म्हणत. दर मार्चमध्ये आजारी शेतातली भुकटी गोळा करायची, वाळवून बाटलीत भरायची, पुढच्या थंडीत तीच फवारायची. जसं कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला. सरांना या विरजणाचा मोठा अभिमान होता. बाहेरचा कण मिसळू दिला नव्हता त्यांनी, म्हणूनच तर ते सोवळं, तो खिळ्यावरचा कोट. पाणी कुंडीतून खाली गळायला लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. आपण सतराला दरवर्षी तोच पेपर देत होतो. तेच प्रश्न. तो शंभरपैकी शंभर मिळवत होता आणि आपण टाळ्या वाजवत होतो. बाहेर, शेतांवरून, टेकड्यांवरून, कुठून कुठून वाऱ्यावर दुसरे प्रश्न येत होते आणि ते आत येऊ नयेत म्हणून आपणच दारं लावून बसलो होतो. इतकी स्वच्छ चूक तिने उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. तिला सरांना फोन करावासा वाटला. फोन हातात घेतला, आणि त्यांच्या बायकोने उचलला तर काय सांगायचं हे न सुचून ठेवून दिला.

सकाळी ती सरांच्या आधी शेतावर पोचली. दव होतं, ऊन अजून तिरपं होतं, आणि सतरा कमरेएवढा उभा होता, लोंब्या दुधात आलेल्या. वरून बघणाऱ्याने दृष्ट काढावी असं पीक. ती भिंतीच्या कोपऱ्याकडे गेली, काल जिथे उपटत होती तिथे, आणि गुडघ्यावर बसून खाली बघितलं. तिथे होतं ते. एका खाटेएवढ्या जागेत, वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानांवर, नारिंगी फोड. काही पानांवर चारदोन, काहींवर दाटीने. एकाही फोडाभोवती पिवळं कडं नव्हतं. जो गहू झुंजतो तो फोडाभोवतीचा आपलाच तुकडा वाळवून टाकतो, रोगाला पुढे जाऊ देत नाही. इथे पान हिरवंगार, सुखात होतं, पाहुण्याला घर मोकळं करून दिल्यासारखं. तिने भिंग लावलं आणि किती वेळ ती बघत राहिली कोण जाणे. सुंदर होतं ते. असं म्हणायची लाज वाटली तिला, पण होतं. कोण तू? कुठून आलीस? फ्रिजमधल्या कुठल्या बाटलीची तू नाहीस. मग तिच्या मनात आलं की एवढीशी जागा आहे. सर यायला अवकाश आहे. भेसळ म्हणून खाटभर झाडं उपटली, पोत्यात घालून जाळली, तर कोणी विचारणार नाही. गुरुवार होईल, शनिवार होईल, हॉल भरेल. बाबांची खुर्च्या मांडलेली ती दुपार तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिने एक झाड बुंध्याशी धरलंही. पण उपटलं तर ही कुठवर गेली आहे ते कधीच कळणार नाही. हात सुटला तो चांगुलपणाने नव्हे, कुतूहलाने. हे तिला तेव्हाच समजलं आणि तिने ते स्वतःपासून लपवलं नाही.

"काय शोधून राहिली गं? कानातलं पडलं काय?" बांधावरून सरांचा आवाज आला. डोक्याला माकडटोपी, हातात थर्मास. ते रोज सकाळी सतराला भेटायला येत, मग ऑफिसात.

प्रणोती उठून उभी राहिली. रात्रभर जुळवलेली वाक्यं एकदम नाहीशी झाली. तिने पिशवीतून शाल काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"आत्ताच? शनिवारी ना? अजून गेलो नाही मी, बाई," सर हसले. थर्मास बांधावर ठेवून त्यांनी शाल घेतली, उलगडली. पट्टा दिसला तसं त्यांचं हसू जरा मागे राहिलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. पट्ट्यावर बोट घासलं, बोट उन्हात धरलं. मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली, बोट नाकाशी नेलं.

"वास येतो गं," ते म्हणाले.

"काल इथूनच लागलं. माझ्या बाहीला. मी आजारी शेतात गेलेच नव्हते, सर."

सरांनी शालीची नीट घडी केली, पट्टा आत, तशीच, आणि ती बगलेत धरून कोपऱ्याशी आले. गुडघे दुखत होते त्यांचे. तिचा खांदा धरून खाली बसले. खिशातून आपलं जुनं भिंग काढलं. पहिलं पान त्यांनी बोटांत धरलं आणि तिने मान वळवली. भिंतीवर एक भारद्वाज बसला होता, तो त्यांच्याकडे बघून उडून गेला. बावीस वर्षं. ती विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हा सतराला नंबरही नव्हता, नुसत्या पाकिटात वीसेक दाणे होते आणि सर ते पाकीट शर्टाच्या खिशात घेऊन फिरत. सर रडतील की काय अशी तिला भीती वाटली. ते रडले नाहीत. ते दुसरं पान बघत होते, मग तिसरं, मग वाकून बुंध्याकडची पानं, आणि त्यांची टोपी हळूहळू मागे सरकत चालली होती.

"आपल्या विरजणातली नाही ही," ते अखेर म्हणाले.

"नाही."

"दरवर्षी आपण तेच दिलं त्याला."

"हो, सर."

"च्यायला," सर म्हणाले. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून तिने हा शब्द ऐकला नव्हता. "चल. आकडा घेऊ."

आकडा घ्यायची त्यांची रीत ठरलेली होती. पानाचा किती भाग फोडांनी भरला तो अंदाज शंभरात सांगायचा, आणि मागे अक्षर लावायचं: गहू झुंजत असेल तर आर, शरण गेला असेल तर एस. दोघांनी आपापलं बघायचं, बोलायचं नाही, आणि तीन म्हटलं की एकदम म्हणायचं, म्हणजे एकाच्या आकड्याची सावली दुसऱ्यावर पडायला नको. सुरुवातीला प्रणोती नेहमी जास्त सांगे. "बापाची पोरगी," सर म्हणत, "ठिपका मारायला टपलेली." ते स्वतः हात राखून सांगत. मग वर्षं गेली तसे दोघांचे आकडे जवळ येत गेले, इतके की शिकाऊ मुलांना वाटे हे दोघं आधीच ठरवून येतात. आता ती त्या पानांपुढे बसली, नीट बघितलं, आणि आकडा तिच्या डोक्यात ताबडतोब उभा राहिला. मग तिने सरांच्या बगलेतली शाल बघितली. मागे सरकलेल्या टोपीतून दिसणारं टक्कल बघितलं. पुढल्या थंडीत इथे आपण कोणाबरोबर एकदम बोलणार, हेही मध्येच मनात येऊन गेलं.

"झालं?" सरांनी विचारलं. "एक. दोन. तीन."

"पाच एस," प्रणोती म्हणाली.

"दहा एस," सर म्हणाले.

सर तिच्याकडे वळले, रागाने नाही. एखाद्या पानाकडे बघावं तसं त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे जवळून बघितलं.

"तू कधी कमी सांगत नाहीस," ते म्हणाले. "पाच कोणासाठी होते?"

तिने पुन्हा भिंग पानाला लावलं. डोळे भरून आले होते आणि भिंगात सगळं पाणीपाणी दिसत होतं. सरांनी खिशातून रुमाल काढून दिला, ती डोळे पुसेपर्यंत थांबले, आणि मग पान बोटांत धरून उन्हाकडे वळवलं, तिला नीट दिसावं म्हणून.

"परत बघ," ते म्हणाले. "एक. दोन. तीन."

"दहा," दोघं एकदम म्हणाले.